अण्णा म्हणजे कोण?

या सदरात मी बहुधा पुस्तकांबद्दल, सणावारांबद्दल आणि आमच्या कॉलेजातल्या मुलांबद्दल लिहिते. आज मात्र माझ्याच एका चुकीबद्दल लिहायचे आहे. चूक लहान होती, एका शब्दाची. पण त्या एका शब्दापायी एक पोर जिथून पळून आले होते, तिथेच परत पाठवले जाणार होते.

आधीच सांगून ठेवते. मुलांच्या न्यायाचा जो २०१५ चा कायदा आहे, त्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असे काहीही छापता येत नाही. तेव्हा गाव कुठले, वर्ष कुठले, हे विचारू नका. चार तपशील मी मुद्दाम बदललेही आहेत. तो शब्द मात्र बदललेला नाही.

त्या दिवशी शेवटचा तास संपवून स्टाफरूममध्ये येऊन बसते न बसते तोच एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. बी. ए.ला ती माझ्याकडे मराठीला होती. पुढे समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. केले आणि आता बालसंरक्षणाच्या कामात समुपदेशक आहे, कंत्राटी. म्हणाली, “मॅडम, अर्धा तास येताय काय? एक मुलगा आलाय, नुसती मराठी बोलतोय. समितीवर आज ज्या बसल्यात त्यांना त्याचं बोलणं नीट कळंना आणि मी दुसऱ्या केससाठी बाहेरगावी आहे. संध्याकाळपर्यंत येते.”

खरे सांगायचे तर मी हरखले. माझी आई कन्नड, वडील मराठी. लहानपणापासून स्वयंपाकघरात एक भाषा आणि सोप्यात दुसरी. दुभाषाचे काम माझ्याइतके कुणाला जमणार? पर्स उचलली आणि निघाले.

आपल्याकडे अशा सगळ्याच गोष्टींना लोक सरसकट ‘रिमांड होम’ म्हणतात, म्हणून थोडे स्पष्ट करते. गुन्ह्याचा आरोप असलेले मूल बाल न्याय मंडळापुढे जाते. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली निदान एक बाई. हरवलेले, टाकलेले, पळून आलेले, कामाला जुंपलेले मूल मात्र बाल कल्याण समितीपुढे जाते. आपल्या कन्नड नातेवाइकांची ‘मक्कळ कल्याण समिती’ ती हीच. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. मूल सापडल्यापासून २४ तासांच्या आत समितीपुढे आणायचे, प्रवासाचा वेळ सोडून, असा नियम आहे. हा मुलगा असाच आला होता. अकराएक वर्षांचा. एका हॉटेलात कपबशा धूत होता. बोटे पाण्याने पांढरी पडलेली.

खोलीत टेबल, खुर्च्या आणि भिंतीवर मुलांची चित्रे. सदस्य बाई प्रेमळ होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो “ऊट आतेनप्पा?” हाच. जेवलास का, एवढे मात्र त्याला कन्नडमधूनही कळले. त्याने मान हलवली. मग मी विचारले, “घरी का जायचं नाही रे तुला?”

तो तुकड्यातुकड्यांनी बोलला. “अण्णा लई मारतोय. कवाबी. पट्ट्यानं. मी बाहीर झोपतो. मग आज्जी दार उघडती. मग तिलाबी बोलतोय...” असे बरेच.

मी सदस्यांकडे वळून सांगितले, “अण्ण भाळ होडीतानंत. मनीगे होगूदिल्ल अंतान.”

झाले. दोन सुटसुटीत वाक्ये. कन्नडमध्ये अण्ण म्हणजे थोरला भाऊ. त्यात मी क्रियापद एकेरी वापरलेले, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. सदस्यांच्या डोळ्यांसमोर एक दांडगट थोरला भाऊ उभा राहिला. दोघां भावांची भांडणे कुठल्या घरात नसतात? मुलाकडून नंबर घेऊन वडिलांना फोन गेला. उद्या कागदपत्रे घेऊन या, मुलाला ताब्यात घ्या. थोरल्याला समज द्यायचे वडिलांनी फोनवरच कबूल केले म्हणे. फोनवर कन्नड-हिंदीची खिचडी होती, तिकडे काय कळले असेल देव जाणे.

हा निर्णय मुलाला मराठीत सांगायचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मी म्हटले, “घाबरू नको. उद्या तुझे वडील येतायत. तुझ्या थोरल्या भावाला ते चांगली समज देणार आहेत.”

त्याने माझ्याकडे पाहिले. काही बोलला नाही. मी समजले, पोराच्या जिवात जीव आला.

मग कुणीतरी म्हणाले, आजची रात्र याला बालमंदिरात ठेवू. एवढा वेळ गप्प असलेला तो एकदम म्हणाला, “मी काय ल्हान हाय? मी साव्वीत हुतो.” सगळे चमकले. मला हसू आले, कारण गोम माझ्या लक्षात आली. कर्नाटकात सरकारी बालमंदिर म्हणजे निराधार मुलांचे वसतिस्थान, जे पलीकडे महाराष्ट्रात बालगृह. आणि आपल्या मराठीत बालमंदिर म्हणजे शिशुवर्ग. त्याला वाटले, आपल्याला पाटी-पेन्सिल देऊन बसवणार. मी ते समजावून सांगितले, सगळे हसले आणि मी स्वतःवर खूष होऊन घरी आले. रात्री जेवताना ही गंमत सांगितलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला विद्यार्थिनीचा फोन. “मॅडम, अण्णा म्हणजे कोण, विचारलं होतं काय तुम्ही?”

ती संध्याकाळी परत आल्यावर त्याच्यापाशी तासभर बसली होती. फार काही विचारले नाही. कागद आणि खडू दिले आणि म्हणाली, तुझं घर काढ. त्याने घर काढले, दार काढले, म्हैस काढली. मग तिने एवढेच म्हटले, “आता आत कोण कोण आहेत ते दाखव. ही कोण?” आई. “ही?” बहीण, धाकटी. “ही?” आज्जी. “आणि हा?” अण्णा.

घर तेवढ्यात संपले. त्या घरात थोरला भाऊ नव्हताच. अण्णा म्हणजे बाप.

आणि तोच बाप सकाळच्या एस. टी.त बसून मुलाला न्यायला निघाला होता.

वाचकहो, माझ्या वडिलांच्या घरी आजोबांना सगळे अण्णा म्हणत. आई तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, अण्णा म्हणे. एकाच घरात दोन भाषांचे दोन अण्णा बघत मी वाढले. हा शब्द फसवा आहे, हे मला नाही कळायचे तर कुणाला? पण अनोळखी शब्दाला माणूस अडखळतो आणि विचारतो. ओळखीचा शब्द दोन्ही भाषांत सारखाच दिसला की विचारतच नाही, आहे तसा उचलून पलीकडे ठेवतो. आपल्या भागात असे शब्द पावलोपावली आहेत. मराठीत अनुमान म्हणजे तर्क, कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. आपली आई ती आई, पण धारवाडकडच्या कित्येक घरांत ‘आयी’ म्हणजे आजी. घरात यावरून विनोद होतात. जबाबात विनोद होत नाहीत.

त्याहून एक गोष्ट मला जास्त लागली. फोन ठेवताना ती हळूच म्हणाली, “मॅडम, तुम्ही सारांशलेखन केलंत.” वीस वर्षे मी हेच शिकवते. उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश लिहा, अनावश्यक तपशील गाळा. मी पट्टा गाळला. बाहेर झोपणे गाळले. दार उघडणारी आज्जी गाळली आणि तिलाही बोलणी बसतात हे गाळले. यातला एक तपशील जरी पलीकडे पोचला असता, तरी आजीला बोल लावणारा हा ‘भाऊ’ कोण, असे त्या सदस्य बाईंनी विचारलेच असते. आणि त्याला थोरला भाऊच नाही, हे त्याने का सांगितले नाही, असा राग मला क्षणभर आला, हेही कबूल करते. अकरा वर्षांचे पोर, समोर पाच-सहा मोठी माणसे, मार खाऊन आलेले. ते मोठ्यांची चूक काढणार?

तिने सकाळीच समितीला सारे सांगितले. मुलाला त्या दिवशी ताब्यात दिले नाही. घरच्या जिल्ह्याकडून सामाजिक तपासणी अहवाल मागवला. बाप आला, त्याच्याशीही तीच बोलली, तासभर, न रागावता. पुढे काय झाले ते तिने मला सांगितले नाही. मीही विचारले नाही. तो नियम आहे आणि तो योग्य आहे.

मला राहवेना म्हणून मी नंतर कायदा काढून वाचला. माझ्यासारखीची लाज वाटावी इतके त्यात स्पष्ट आहे. मुलाला कामकाजाची भाषा समजत नसेल तर त्याला दुभाषी द्यायचा, ही बाल न्याय मंडळावर जबाबदारीच टाकलेली आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराबाबतचा २०१२ चा पोक्सो कायदा तर सांगतो की जबाब मूल जसे बोलले तसाच लिहायचा, आईवडील किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा माणसासमोर, आणि जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा. त्याचे २०२० चे नियम आणखी पुढे जातात. दुभाषाने निःपक्षपाती असावे, पूर्ण आणि अचूक सांगावे, पदरचे काही घालू नये आणि काही गाळू नये. ‘गाळू नये’ हे शब्द मी दोनदा वाचले.

पण कायद्यात लिहिले म्हणून माणसाला येते असे थोडेच आहे? ऐकणे हे शिकावे लागते. माझ्या विद्यार्थिनीला ते कसे आले, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, प्रशिक्षणात पहिल्या दिवशी कायदा नव्हताच. तुमच्या लहानपणी मोठ्यांनी तुमचे ऐकून न घेतल्याचा एक प्रसंग आठवा, एवढेच सांगितले. अर्धा वर्ग रडला. मग प्रश्न कसा विचारायचा ते शिकवले. “भाऊ मारतो का?” असे विचारले तर मूल हो किंवा नाही म्हणते, आणि बहुधा आपल्याला हवे ते म्हणते. “घरी काय होतं ते सांग” म्हटले तर ते त्याचे सांगते. आणि नाते, जागा, वेळ यांतला एकही शब्द गृहीत धरायचा नाही. ‘त्रास देतात’ म्हणाले तर त्रास म्हणजे काय, तेही त्याच्याच तोंडून येऊ द्यायचे.

असे शिकवणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. बंगळूरच्या निम्हान्समध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०२० मध्ये ‘संवाद’ नावाचा उपक्रम सुरू केला. समुपदेशकांपासून न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत, मुलांशी गाठ पडणाऱ्या सगळ्यांना तिथे शिकवतात. दिल्लीला १९६६ पासून या कामाची राष्ट्रीय संस्था आहे, तिचे विभागीय केंद्र बंगळुरात आहे. आता त्या संस्थेला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले आहे. १८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्यांना शिकवायला कुणी नव्हते. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ ची. मुंबई इलाख्याचा मुलांसाठीचा कायदा त्याच्याही आधीचा, १९२४ चा. तेव्हा आपले बेळगाव त्याच इलाख्यात होते. म्हणजे मुलांच्या कामाला नुसते मन असून भागत नाही, शिक्षण लागते, हा विचार काही कालचा नाही.

कायद्यानेही त्याला मुदत घातली आहे. मंडळाच्या सदस्यांना, न्यायदंडाधिकाऱ्यांसकट, नेमणुकीपासून ६० दिवसांत प्रशिक्षण द्यायचे. समितीच्या सदस्यांना दोन महिन्यांत. प्रत्येक पोलीस ठाण्यात निदान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा, योग्य प्रशिक्षण घेतलेला. २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या प्रशिक्षणावर पुन्हा भर दिला.

अडचण पुढे येते. मुलांशी बोलायला शिकलेला पोलीस अधिकारी गणपतीच्या बंदोबस्ताला जातो, अधिवेशनाच्या बंदोबस्ताला जातो आणि एक दिवस बदलून जातो. नवा येतो, तो पहिल्यापासून. समितीची मुदत संपते, नवे सदस्य येतात. समुपदेशक आणि क्षेत्रकार्यकर्ते कंत्राटी. चांगली नोकरी मिळाली की जातात आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? एकदा शिबिर घेतले, प्रमाणपत्र दिले, फोटो काढला की प्रशिक्षण झाले असे समजून चालत नाही. माझ्यासारख्या ऐनवेळी बोलावलेल्या दुभाषाला तर पाच मिनिटांची सूचनासुद्धा कुणी देत नाही. दोन भाषा येतात ना, मग झाले.

आणखी एक बाजू आहे, ती मला त्या मुलीमुळेच कळली. एकदा चहा पिताना ती म्हणाली, “आम्हाला ऐकायला शिकवलं मॅडम. ऐकलेलं ठेवायचं कुठं, ते नाही शिकवलं.” गोपनीयतेमुळे घरी सांगता येत नाही. आईला वाटते, लेक ऑफिसात बसून मुलांशी खेळते. एखाद्या दिवशी ती घरी जाते आणि जेवत नाही. आई म्हणते, बाहेर खाल्लं असशील. एका मुलीच्या जबाबानंतर महिनाभर आपल्या भाचीला मांडीवर घेता येईना, असे ती म्हणाली आणि कप खाली ठेवला.

तिला कौतुक नको होते, सत्कार नको होता. आठवड्यातून तासभर कुणी जाणते माणूस हवे होते, ज्याच्यापुढे नाव न घेता केस मांडता येईल. मी बरोबर केले का, विचारता येईल. रडूही येईल. डॉक्टर आपसांत असे बोलतात, आम्ही प्राध्यापकसुद्धा स्टाफरूममध्ये बोलतो. जिल्ह्यातल्या अशा चार-पाच जणांनी एकत्र बसायचे आणि वरिष्ठ कुणीतरी ऐकायचे, यासाठी फार पैसा लागत नाही. हेही कामाचाच भाग आहे, असे कुणीतरी मानावे लागते. न मानले तर मग दोनच गोष्टी होतात. एक तर माणूस काम सोडतो, नाही तर त्याला काही वाटेनासे होते. दुसरे अधिक वाईट.

आता आपल्याबद्दल. हे साप्ताहिक वाचणारी घरे बहुतेक माझ्या घरासारखी, एक पाय मराठीत, एक कन्नडमध्ये. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर आपण खूप बोलतो आणि आपापल्या बाजूने बोलतो. पण पळून आलेले पोर कुठल्या बाजूचे? आज इकडे एक मराठी मूल कन्नड फाइलसमोर गोंधळून बसते, उद्या जत किंवा अक्कलकोटकडचे कन्नड मूल मराठी फाइलसमोर तसेच बसणार. त्याच्या भाषेत त्याचे ऐकून घेणारे माणूस दोन्हीकडे हवे.

आणि ते माणूस तुमच्यापैकी कुणी होऊ शकते. पोक्सोच्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षाने दुभाषी, अनुवादक, विशेष शिक्षक आणि आधार देणाऱ्या व्यक्तींची नोंदवही ठेवायची असते. दुभाषाला पदवी लागत नाही. मुलाची भाषा आणि राज्यभाषा यांची कामापुरती ओळख हवी. ती मातृभाषा म्हणून असो, प्राथमिक शाळेच्या माध्यमामुळे असो, किंवा त्या भागात राहून, व्यवसायामुळे आलेली असो. कामाचे मानधनही असते. निवृत्त शिक्षक, बँकेत जन्म काढलेली माणसे, दोन्ही भाषांत नातवंडांना गोष्टी सांगणाऱ्या आज्या, या कामाला याहून योग्य कोण? फक्त नाव नोंदवताना एक विचारा, आम्हाला शिकवणार कधी? मी विचारले. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार आहे.

नाव नोंदवणे नाही जमले, तरी कधी एखादे मूल तुमच्यापाशी बोलेल. तेव्हा त्याचे पूर्ण ऐका. तेच तेच पुन्हा वदवून घेऊ नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका, कारण ते पाळता येत नाही. लैंगिक अत्याचाराचे कळले तर पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, लपवणे हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आता सरकारी यंत्रणाच चालवते आणि तो ११२ शी जोडलेला आहे. तो घरातल्या फोनवर साठवून ठेवा.

या वर्षी बी. ए.च्या पहिल्या वर्गात मी सारांशलेखनाच्या आधी एक तास वेगळा घेतला. फळ्यावर एकच शब्द लिहिला, अण्णा. म्हटले, तुमच्या घरात हा कोण ते सांगा. कुणाचे वडील निघाले, कुणाचे आजोबा, कुणाचे काका, कन्नड घरांतल्या बहुतेकांचा थोरला भाऊ. एकीचा गल्लीतला किराणा दुकानदार. वर्ग हसत होता. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे विचारल्याशिवाय कळत नाही.”

तेवढेच वहीत लिहून घ्यायला सांगितले.